भाद्रपदातल्या शिंका आणि आमचं घर

दुर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी म्हणजे गवत. ही साधी गोष्ट आमच्या घरी कळायला बरीच वर्षं गेली.

सहा वर्षांपूर्वी गौरी आणायच्या दिवशी सकाळी ही आणि शेजारच्या काकू साताऱ्यातल्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला दुर्वा-आघाडा आणायला गेल्या. तासाभरानं परत आल्या तेव्हा हिच्या पिशवीत दुर्वा होत्या आणि डोळ्यांच्या पापण्या सुजून फटीएवढ्या उरल्या होत्या. संध्याकाळी आरती चालू असताना ही स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, शिंकेवर शिंक, पाणी थांबेना. आई म्हणाली, "ओल्या केसानं बाहेर गेली असणार." मी म्हणालो, "सर्दीची गोळी घे आणि पड जरा." त्याआधीची चार वर्षंही गणपतीत हेच व्हायचं आणि दरवर्षी आम्ही हेच बोलायचो. सर्दी पंचांग बघून येत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ती सर्दी नव्हतीच, परागकणांची अ‍ॅलर्जी होती. पुढे डॉक्टरांनी तिच्याबद्दल जे समजावलं आणि मी जे वाचून घेतलं, ते इथे सांगतो. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्या माणसाच्या भोवती राहणाऱ्यांसाठी.

पहिला प्रश्न, नेमका त्रास कशाचा होतो? आपल्याकडे सगळा संशय फुलांवर जातो. कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे सोनकी, तेरडा, कवला फुलतो आणि लोक म्हणतात, फुलांचा सीझन आला, आता शिंका चालू. पण रंगीत, वासाची फुलं बहुतेक निर्दोष असतात. त्यांचं काम कीटकांवर चालतं. म्हणून त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात, मधमाशीच्या अंगाला चिकटून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. त्रास देतात ती न दिसणारी फुलं. गवताला मधमाशी बोलवायची नसते, त्याचा सगळा भरवसा वाऱ्यावर. म्हणून ते कोरडे, हलके परागकण ढीगभर तयार करून हवेवर सोडून देतं.

एकदा हरळीची फुलावर आलेली काडी तोडून बघा. टोकाला हाताच्या बोटांसारखे चार-पाच बारीक तुरे असतात. सकाळी ऊन लागल्यावर त्या तुऱ्यांतून जांभळट परागकोश, म्हणजे परागकणांच्या पिशव्या, लोंबतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील इतक्या. काळ्या कागदावर काडी टिचकी मारून झटकली तर फिकट पिवळी भुकटी पडते. गवताचा एक परागकण साधारण 20 ते 40 मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा ते पन्नासावा भाग. आपण ते फूल कधी फूल म्हणून पाहिलेलंच नसतं.

दुसरा आरोपी गाजर गवत. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. ओढ्याकाठी, बांधावर, रिकाम्या प्लॉटवर, एसटी स्टँडच्या मागे, जिथे ओल आणि उघडी जमीन तिथे ते आहेच. त्याचा त्रास दुहेरी. परागकण नाकात गेले तर शिंका, आणि पानादेठातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला लागलं तर मानेवर, कोपराच्या लवणीत, पापण्यांवर खाज सुटून चट्टे. हे चट्टे लगेच उठत नाहीत, एक-दोन दिवसांनी उठतात. त्यामुळे परवा केलेल्या भांगलणीशी त्यांचा संबंध कुणी लावत नाही. हिचं माहेर तासगाव तालुक्यातलं. तिथे दिवाळीला गेलं की त्रास वाढायचा आणि सगळ्यांचा संशय द्राक्षबागेच्या फुलोऱ्यावर. पुढे अ‍ॅलर्जीच्या चाचणीत हाताला गांधी उठली ती हरळीला आणि बांधावरच्या गाजर गवताला. बागेत भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी धुरळतात, तिनं नाक चुरचुरतं हे खरं, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे. धुरानं डोळ्यांत पाणी येतं तशातला तो प्रकार.

उन्हाळ्याच्या तोंडाला ज्यांना त्रास होतो त्यांनी झाडांकडे बघावं. वावळा, वेडी बाभूळ, सुरू. परसातला एरंडही यात मोडतो. आणि ऐन पावसाळ्यात, चार भिंतींच्या आत, ओल धरलेल्या गाद्यांमध्ये त्रास वाढत असेल तर ते बहुधा परागकण नसतात. तिथे बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे असतात. आजार सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे लागतात. म्हणून "मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे" असं मोघम म्हणून चालत नाही.

राखणदार आणि गोफण

परागकण विषारी नसतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातही तेवढेच गेलेले असतात आणि त्याला काही होत नाही. मग हिलाच का?

शाळू हुरड्यात आला की माळ्यावर राखणदार बसतो, कमरेला दगडांची झोळी, हातात गोफण. आपल्या नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरात असे राखणदार असतात. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. त्यांच्या झोळीत हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरानं कधीतरी गवताच्या परागकणाला शत्रू ठरवलेलं असतं आणि त्याची ओळख पटवणारे आयजीई नावाचे पदार्थ तयार करून या राखणदारांच्या अंगावर चिकटवलेले असतात. ही पहिली तयारी गुपचूप होते, त्या वर्षी काहीच त्रास जाणवत नाही. नंतर कधीतरी तोच कण येऊन आयजीईवर बसला की राखणदार झोळी रिकामी करतो. पाखरू नसतंच. दगड पडतात ते आपल्याच कणसांवर.

हिस्टामिन सुटलं की काही मिनिटांत खाज, शिंका, पाण्यासारखं नाक. हा पहिला अंक. दुसरा अंक चार ते आठ तासांनी येतो आणि घराचं खरं नुकसान तोच करतो. राखणदारानं आरोळी दिलेली असते, तिच्यावर रक्तातल्या इतर पेशी गोळा होतात आणि नाकाचं अस्तर सुजतं. शिंका थांबतात, पण नाक दगडासारखं बंद होतं. सकाळी गवतातून जाऊन आलेल्या माणसाची रात्र त्यामुळे तोंडानं श्वास घेण्यात जाते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त खटके उडाले. "गवताची अ‍ॅलर्जी आहे ना? मग फोडणीला शिंका कशा येतात? उदबत्तीला कशा येतात?" हंगाम पुढे सरकतो तसं नाकाचं अस्तर हुळहुळं होत जातं. पहिल्या आठवड्यात जेवढ्या परागांनी एक शिंक यायची, त्याच्या कितीतरी कमी परागांनी चौथ्या आठवड्यात दहा येतात. आणि अशा सुजलेल्या नाकाला मिरचीची फोडणी, धूप, अत्तर, ऑइल पेंट, पाचट पेटवल्याचा धूर, पंख्याचा गार झोत, काहीही सोसत नाही. भाजलेल्या कातडीला कोमट पाणीही चटका देतं, तसंच हे. ती फोडणीची अ‍ॅलर्जी नसते, पण शिंक खरी असते. हे मला कळलं नव्हतं तेव्हा मी हिला एकदा म्हणालो होतो, "तुझं मनाचंच जास्त आहे." ते वाक्य परत घेता येत नाही.

साध्या सर्दीत आणि यात फरक ओळखायचा असेल तर खाजेकडे बघा. नाक, डोळे, टाळू, कानाच्या आत खाजणं हे अ‍ॅलर्जीचं लक्षण. सर्दीत अंग दुखतं, कधी ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. अ‍ॅलर्जीत ताप येत नाही आणि ती महिना महिना हलत नाही. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वासाचं पाणी येत असेल तर तो वेगळाच प्रकार. त्यासाठी वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं.

घरावर येतं ते ओझं

डॉक्टरांच्या कागदावर शिंका आणि नाक लिहिलेलं असतं. झोप लिहिलेली नसते. दोन महिने रात्री तीन-चारदा उठणारं माणूस सकाळी कसं असेल? डबा करताना हात जड, डोकं भरलेलं, पोळी करपली तर रडू. शेजारी झोपणाऱ्याचीही झोप मोडते. मी एका भाद्रपदात पांघरूण घेऊन हॉलमध्ये झोपायला गेलो. मला वाटलं, हिला मोकळं झोपता येईल. हिला वाटलं, मला हिचा कंटाळा आला. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही आणि नवरात्र संपेपर्यंत घरात एक विचित्र शांतता होती.

त्यातून हंगाम कसा जुळून येतो बघा. गवत फुलतं ते ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, आणि घरच्या बाईवर सगळ्यात जास्त काम पडतं तेही याच दिवसांत. गणपती, गौरी, महालयातलं रांधप, घट बसायच्या आधीची साफसफाई, दिवाळीचा फराळ. पोटमाळा झाडायचा, गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे. प्रत्येक कामात धूळ किंवा वाफ किंवा धूर. काम टाळलं की "दरवर्षी ऐन वेळेला हिचं सुरू होतं" हे ऐकायचं, आणि केलं की रात्र वाया. आजारापेक्षा या दोन्हीच्या मधलं आयुष्य जास्त थकवतं, असं मला हिच्याकडे बघून वाटतं.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही," आई म्हणायची. त्यात थोडं तथ्य आहे. जॉन बॉस्टॉक नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1819 मध्ये हा आजार स्वतःवरूनच वर्णन केला, आणि असेच आणखी रुग्ण शोधायला निघाले तेव्हा नऊ वर्षांत त्यांना जेमतेम 28 सापडले. आता गल्लीत तेवढे सापडतील. आजार वाढलाय हे खरं. पण पूर्वीही तो असायचा आणि त्याला "हिला कायमचं पडसं" एवढंच नाव असायचं. माझी आजी दसऱ्यापर्यंत पदरानं नाक पुसत असायची. आईलाच एका संध्याकाळी ते आठवलं आणि ती बराच वेळ गप्प बसली.

मुलांकडेही बघावं लागतं, कारण ही प्रवृत्ती रक्तातून येते. आमची लेक तळहातानं नाक खालून वर घासायची, दिवसातून पन्नास वेळा. आम्ही ती खोड समजत होतो. असं घासून घासून नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ पडते आणि डोळ्यांखाली काळसर वर्तुळं येतात. वर्गात लक्ष नाही, तोंड उघडं, रात्री घोरणं. हे सगळं एकत्र दिसलं तर मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी त्याचं नाक तपासून घ्यावं.

औषधांबद्दल, कारण इथेच गोंधळ जास्त

मेडिकलमधून मिळणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. ते हिस्टामिनला अडवतं, पण मेंदूतही शिरतं, म्हणून झापड येते. ती गोळी घेऊन गाडी चालवणं किंवा तापलेल्या तेलासमोर उभं राहणं धोक्याचं. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या नव्या पिढीतल्या गोळ्यांनी झोप फारशी येत नाही. सेट्रिझिननं काहींना येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, ती पाण्याबरोबरच घ्यावी. या गोळ्या शिंका आणि खाज आवरतात, बंद नाकावर मात्र फारशा चालत नाहीत.

बंद नाकावर चालतो तो नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे माणूस दचकतो. पण मात्रा बघा. एका फवाऱ्यात साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये असतात, आणि एका मिलिग्रॅममध्ये 1000 मायक्रोग्रॅम. शिवाय फवारा नाकातच काम करतो, रक्तात फार थोडा जातो. त्याची खरी अडचण वेगळी आहे. तो लगेच गुण देत नाही. पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे रोज मारावा लागतो. लोक दोन दिवस मारतात, "काही उपयोग नाही" म्हणतात आणि बाटली कपाटात जाते. आमची अशी तीन वर्षं गेली.

मारायची पद्धतही कुणी दाखवत नाही. मान थोडी पुढे झुकवायची, मागे टाकायची नाही. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाच्या रोखानं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येतं, तो टाळायचा. जोरात हुंगायचं नाही, हुंगलं की औषध घशात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे सुरुवात करायची. आमच्या डॉक्टरांनी कॅलेंडरवर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला गोल केला. अस्तर सुजायच्या आधीच औषध तिथे पोचलेलं असलं की राखणदाराच्या आरोळीला फौज गोळा होत नाही. एवढ्या एका बदलानं त्या वर्षीचा गणपती वेगळा गेला.

नाक चुटकीसरशी मोकळं करणारे थेंब मिळतात, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे. तीन ते पाच दिवस, त्यापुढे नको. जास्त दिवस वापरले की नाक त्यांच्यावाचून उघडतच नाही आणि मग थेंबांचाच आजार होतो. "एक इंजेक्शन घ्या, अख्खा सीझन बघायला नको" असंही काही ठिकाणी सांगतात. ते बहुधा शरीरात रेंगाळणाऱ्या स्टिरॉइडचं असतं. साखर, हाडं, रक्तदाब, सगळ्यावर त्याचा भार पडतो. यासाठी ते घेऊ नये.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, खरंच उपयोगी आहे. अस्तरावर बसलेले परागकण ती धुऊन काढते. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी तसंच नाकात घेऊ नये. त्यातून क्वचित मेंदूपर्यंत जाणारा जीवघेणा संसर्ग होतो.

घरात आम्ही जे बदललं ते फार मोठं नाही. सकाळी पाच ते दहाच्या वेळात पश्चिमेच्या माळाकडच्या खिडक्या बंद, संध्याकाळी वारा पडला की उघड्या. चादरी आणि हिचे कपडे गच्चीवर न वाळवता आतल्या दोरीवर. केरसुणीच्या आधी ओलं फडकं. हिची अंघोळ आणि केस धुणं सकाळऐवजी रात्री, कारण दिवसभर केसांत बसलेले पराग नाहीतर उशीवर उतरतात आणि रात्रभर नाकाशी राहतात. गाडीवर गॉगल आणि मास्क. रानातून आलेल्या माणसानं, म्हणजे मी, दारातच शर्ट बदलायचा. अंगणातलं गाजर गवत फुलावर यायच्या आत, पावसानं जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, आणि ते काम ज्याला त्रास आहे त्यानं अजिबात करायचं नाही. आईनं उदबत्तीऐवजी तुपाचं निरांजन चालू केलं. ते तिला जड गेलं, मला माहीत आहे.

एका गोष्टीत मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. छातीत घरघर, शिट्टीसारखा आवाज, पहाटेचा कोरडा खोकला, जिना चढताना दम. नाकाचा आणि छातीचा रस्ता एकच आहे, आणि नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना दमाही असतो. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तडक दवाखाना. परतीचा पाऊस विजांसह येतो तेव्हा अशा लोकांनी घरात, खिडक्या लावून थांबावं. ओल्या, विजांच्या वाऱ्यात परागकण फुटून त्यांचे फार बारीक तुकडे होतात आणि ते थेट छातीत जातात. मेलबर्नमध्ये 21 नोव्हेंबर 2016 च्या एका वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि दहा जण दगावले.

चाचणीचं थोडक्यात सांगतो. हातावर वेगवेगळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. ज्याची अ‍ॅलर्जी तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टर सांगतात. केस किंवा थुंकी पाठवून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत.

एवढं करूनही भागलं नाही तर इम्युनोथेरपी. ज्याचा त्रास तोच पराग अगदी थोड्या मात्रेत, वाढवत वाढवत, इंजेक्शननं किंवा जिभेखाली द्यायचा, म्हणजे राखणदाराला त्याची सवय होते. कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांवर ती 1911 साली वापरली. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावं लागतं, कारण क्वचित जोराची रिअ‍ॅक्शन येते. मूळ खोडीवर काम करणारा उपाय सध्या हाच. हिला सुरू होऊन आठ महिने झाले. फरक पडला का, हे पुढच्या भाद्रपदाशी या भाद्रपदाची तुलना करूनच कळणार.

त्यासाठी डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोजचे तीन रकाने, शिंका, झोप, गोळी. पहिले चार दिवस मी भरली, मग राहून गेलं. आता ती आई भरते, चष्मा लावून, देवपूजेच्या आधी. पहाटे साडेचारला शिंका मोजायला घरात तीच जागी असते.